एकाच सामन्याचा हंगाम

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘बाद’ हा शब्द आपण रोजच ऐकतो. क्रिकेटमध्ये फलंदाज बाद होतो आणि तंबूत परततो. पण त्याला दुसरा डाव असतो, पुढचा सामना असतो. बाद पद्धतीच्या स्पर्धेत मात्र अख्खा संघच बाद होतो. पंचांनी शेवटची शिट्टी वाजवली, की हरलेल्यांनी पिशव्या भरायच्या आणि एस.टी. स्टँडचा रस्ता धरायचा. आज मी अशा स्पर्धांविषयी, आणि त्यातही मुलींच्या फुटबॉलविषयी, थोडे बोलणार आहे.

नांदेड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी बरीच वर्षे खेळ शिकवले. आमच्याकडे मुलींचा खेळ म्हणजे खो-खो आणि कबड्डी. चेंडूला पाय लावणारी मुलगी म्हणजे गावाला नवल. तरी मुलांचा सराव बघून काही मुली मागे लागल्या आणि आमचा संघ उभा राहिला. पायात कॅनव्हासचे बूट, गोलरक्षक मुलीच्या हातात कुणाच्या तरी भावाचे जुने हातमोजे. एका मुलीची आजी मला म्हणाली होती, “मॅडम, पोरगी खेळती तर खेळू द्या, पण दिवे लागायच्या आत घरी आली पाहिजे.” मी शब्द दिला आणि सराव पहाटे घेऊ लागले.

२०१३ सालचा पावसाळा. सुब्रतो मुखर्जी चषकासाठीच्या सतरा वर्षांखालील शालेय स्पर्धा सुरू झाल्या होत्या. ही स्पर्धा हवाई दलाचे प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने १९६० सालापासून भरते, पण तिच्यात मुलींचा गट सुरू व्हायला २०१२ साल उजाडले. आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य आणि तिथे जिंकले की दिल्ली, अशी ही शिडी. जिल्ह्यात मुलींचे संघ मोजकेच होते. एक संघ आलाच नाही, आम्हाला पुढे चाल मिळाली. दुसरा सामना जिंकला, आणि आम्ही विभागीय स्पर्धेसाठी लातूरला निघालो.

लोहा, अहमदपूर, चाकूर करीत एस.टी. लातूरला पोचेपर्यंत मुलींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी संपवली होती. निम्म्याहून अधिक मुली लातूर पहिल्यांदाच पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सामना. रात्री पाऊस होऊन गेलेला. आपली काळी माती कशी असते, हे तुम्हाला सांगायला नको. दहा पावले टाकली, की बुटाला शेर-दीड शेर चिखल.

समोरचा संघ सरावलेला होता. पहिल्या दहा मिनिटांत आमच्यावर दोन गोल झाले. आमच्या मुली चेंडूभोवती गोळा होत होत्या, जागा कुणी धरीत नव्हते. मध्यंतरात मी फार काही बोलले नाही. दोघींना कडेला राहायला सांगितले, एकीला मागे ठेवले. आणि उत्तरार्धात खेळ बदलला. चेंडू एकीकडून दुसरीकडे जाऊ लागला. एक फटका खांबाला लागून बाहेर गेला. आमचा गोल झाला नाही, पण त्यांचाही झाला नाही. तेवढ्यात शिट्टी वाजली.

माझी मधल्या फळीतली मुलगी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली माझ्याजवळ आली. डोळ्यांत पाणी नव्हते, चेहऱ्यावर नुसता अचंबा होता. म्हणाली, “मॅडम, आता कुठं कळायला लागलं होतं.” थोड्या वेळाने तिने विचारले, “पुढची मॅच कधी?”

मी म्हणाले, “पुढच्या वर्षी.”

श्रोतेहो, वर्षभराचा सराव, घरच्यांची मनधरणी आणि एवढा प्रवास कशासाठी, तर तासाभराच्या एका सामन्यासाठी. त्या मुलींचा तो अख्खा हंगाम होता. आणि पुढच्या वर्षी काय झाले? त्या अकरा जणींतल्या पाच जणी संघात नव्हत्या. दोघींचे वय बसत नव्हते. एक दहावी झाल्यावर शिकायला मामाकडे गेली. एकीला घरून परवानगी मिळाली नाही. आणि एकीचे लग्न झाले होते. ही पाचवी मुलगी म्हणजे पुढच्या मॅचची तारीख विचारणारी तीच.

हे एका शाळेपुरते असते तर मी इथे बोलले नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. म्हणजे पाचांत एकीहून जास्त. म्हणून ‘पुढच्या वर्षी’ हे उत्तर मुलाला देणे वेगळे आणि मुलीला देणे वेगळे. मुलाला बहुधा पुढचे वर्ष असते. मुलीला ते असेलच, याची खात्री मास्तरीणबाई देऊ शकत नाहीत.

आता थोडे दूरच्या मुलखात जाऊ. ज्या इंग्लंडमध्ये फुटबॉलचे नियम बांधले गेले, तिथे बायकांच्या फुटबॉलचे काय झाले, हे ऐकण्यासारखे आहे.

पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि कारखाने बायकांनी चालवले. प्रेस्टन गावी ‘डिक, कर’ नावाचा कारखाना होता. तिथे दारूगोळ्याचे काम करणाऱ्या मुलींनी जेवणाच्या सुट्टीत चेंडू खेळता खेळता संघ उभा केला. जखमी सैनिकांच्या मदतीसाठी त्या सामने खेळू लागल्या. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना पाहायला ५३ हजार लोक जमले आणि हजारो माणसे जागा नाही म्हणून परत गेली. एवढी गर्दी त्या काळी पुरुषांच्या सामन्यांनाही रोज होत नसे.

यावर एखाद्याला वाटेल, की आता या खेळाला उत्तेजन मिळाले असेल. झाले उलटे. वर्ष उलटायच्या आत, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तिथल्या फुटबॉल संघटनेने ठराव केला. हा खेळ बायकांना मानवणारा नाही. संलग्न क्लबांनी आपली मैदाने बायकांच्या सामन्यांना देऊ नयेत. जमा झालेल्या पैशाच्या हिशेबाचेही निमित्त पुढे केले गेले. खेळायला बंदी नव्हती हो, फक्त मैदान द्यायचे नाही! मैदान नाही म्हणजे तिकीट नाही, प्रेक्षक नाहीत, स्पर्धा नाही. बायका बागांमध्ये आणि मोकळ्या माळांवर खेळत राहिल्या. पण जवळजवळ पन्नास वर्षे हा खेळ झाकला गेला.

१९६९ साली तिथल्या महिलांनी स्वतःची संघटना काढली. पुढे बंदी उठली आणि १९७०-७१ च्या हंगामात महिलांची पहिली चषक स्पर्धा भरली, तीही बाद पद्धतीचीच. ७१ संघांनी नावे दिली. स्कॉटलंडमधलेही संघ आले. ९ मे १९७१ रोजी लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर अंतिम सामना झाला. साउदॅम्प्टनने स्कॉटलंडच्या स्टुअर्टन थिसल संघाला ४-१ असे हरवले. त्यातले तीन गोल पॅट डेव्हिस या एकाच खेळाडूचे. पुढच्या दहा वर्षांत साउदॅम्प्टनने आणखी सात वेळा हा चषक नेला.

या चषकाचा एक हंगाम मला विशेष वाटतो. तो २०२०-२१ चा. करोनामुळे छोट्या क्लबांचे खेळ मध्येच थांबले आणि स्पर्धा अर्धवट राहिली. असा हंगाम रद्द करून टाकणे सोपे होते. पण तो सोडून दिला नाही. उरलेल्या फेऱ्या पुढच्या मोसमात घेतल्या आणि अंतिम सामना आला ५ डिसेंबर २०२१ रोजी. तारीख लक्षात आली ना? बंदीच्या ठरावाला बरोबर शंभर वर्षे झाली त्या दिवशी! ज्यांना मैदान नाकारले होते, त्यांच्या खेळासाठी वेम्बलीचे मैदान उघडले आणि सुमारे ४१ हजार लोक ते पाहायला आले. चेल्सीने आर्सेनलला ३-० ने हरवले. त्यात दोन गोल करणाऱ्या मुलीचे नाव सॅम कर. ‘डिक, कर’ मधला कर आणि ही कर यांचे नाते काही नाही, पण योगायोग मोठा गमतीचा. दीडच वर्षाने, २०२३ च्या मे महिन्यातल्या अंतिम सामन्याला त्याच मैदानावर ७७,३९० प्रेक्षक होते.

आपल्या देशाची कथा वेगळी, पण अगदीच वेगळी नाही. १९७५ साली महिला फुटबॉलची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. सोयी-सवलती नसताना आपल्या मुली १९७९-८० मध्ये कोझिकोड येथे आशियाई स्पर्धेत उपविजेत्या ठरल्या, १९८३ मध्ये पुन्हा उपविजेत्या ठरल्या. पुढे १९९१ पासून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने महिलांची राष्ट्रीय स्पर्धा भरवायला सुरुवात केली. वीसपेक्षा जास्त वेळा ती मणिपूरने जिंकली. एवढ्याशा राज्याला हे कसे साधते? तिथे मुलीने मैदानावर जाणे ही घरातली, गल्लीतली नेहमीची गोष्ट आहे. २०२३ च्या जूनमध्ये अमृतसरला तमिळनाडूने हरयाणाला २-१ ने हरवून ही स्पर्धा जिंकली, आणि त्याच वर्षी तिच्या चषकाला नाव मिळाले राजमाता जिजाबाई चषक. जिजाऊंचे माहेर सिंदखेडराजा. आपल्या मराठवाड्याच्या वेशीवरचे गाव. नाव आपल्या मातीतले आहे. चषकही कधीतरी आपल्या मातीत यावा, असे वाटणे चूक नाही.

२०२२ च्या जानेवारीत महिलांची आशियाई स्पर्धा आपल्या महाराष्ट्रातच झाली. मुंबई, नवी मुंबई आणि पुणे इथे. इराणशी ०-० अशी बरोबरी करून भारताने सुरुवात केली. २३ जानेवारीला चिनी तैपेईशी सामना होता. पण संघात करोना शिरला आणि खेळण्यासाठी लागणाऱ्या किमान तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. नियमाप्रमाणे भारताने स्पर्धेतून माघार घेतली असे धरले गेले. इराणबरोबरचा सामनाही हिशेबातून गेला. यजमान संघ एकही सामना न हरता बाद! तो संध्याकाळचा मोकळा मैदानाचा देखावा दूरदर्शनच्या बातम्यांत पाहताना मला लातूरचा चिखल आठवला. वर्षानुवर्षांची तयारी आणि दाराशी येऊन परत.

त्याच स्पर्धेचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला. चीनच्या मुली दक्षिण कोरियाविरुद्ध दोन गोलांनी मागे होत्या आणि शेवटी ३-२ ने जिंकल्या, तोही विजयी गोल अगदी जादा मिनिटांत. उत्तरार्धात खेळ उमगतो तो असा. फरक एवढाच, की त्यांच्या पाठीशी शेकडो सामन्यांचा अनुभव होता. आमच्या मुलींचा तो लातूरला आलेला दुसरा की तिसरा सामना होता.

आता मुद्द्याचे बोलते. बाद पद्धत वाईट आहे का? नाही. तिच्यात चुरस आहे, ती स्वस्त आहे, लवकर संपते. पण जरा गणित मांडू. सोळा संघ असले तर बाद पद्धतीत पंधरा सामने होतात. दर सामन्यात एक संघ गळतो, म्हणून संघांपेक्षा एक कमी. त्यांतल्या आठ संघांना एकच सामना मिळतो. चार संघांना दोन. चार-चार सामने फक्त शेवटच्या दोन संघांना. म्हणजे ज्यांना खेळ आधीच चांगला येतो, त्यांना जास्त खेळायला मिळते. ज्यांना शिकायची गरज, ते सकाळीच घरी. शाळेत आपण असे करतो का? पहिल्या चाचणीत नापास झालेल्या मुलीला वर्षभर वर्गाबाहेर बसवतो का?

साखळी पद्धत घेतली, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे, तर सोळा संघांचे एकशेवीस सामने होतील. ते परवडणार नाही, हे मलाही कळते. पण मधला रस्ता आहे. पहिल्या फेरीत हरलेल्या आठ संघांसाठी दुसरा एक लहान चषक ठेवा. त्याचे सामने फक्त सात. पंधरा आणि सात, बावीस. दोन मैदाने असली आणि प्रत्येकावर दिवसाला चार सामने घेतले, तर पंधरा सामन्यांना दोन दिवस लागतात, बावीस सामन्यांना तीन. एक दिवस वाढला, एका दिवसाचे जेवण आणि मुक्काम वाढला. त्या बदल्यात काय मिळाले? एकही संघ एका सामन्यावर परत गेला नाही. शिवाय अंतिम फेरीतल्या मुलींना एकाच दिवशी तीन-तीन सामने खेळावे लागले नाहीत, तो फायदा वेगळाच.

तालुक्यात चारच संघ असतील तर याहून सोपे. बाद पद्धतीत तीन सामने, साखळीत सहा. प्रत्येक मुलीला तीन सामने मिळतात. यासाठी नवी योजना नको, मंजुरी नको.

हे मी नुसते बोलत नाही. निवृत्त होण्याआधी आम्ही जवळपासच्या चार शाळांच्या शिक्षकांनी मिळून हे करून पाहिले. दर रविवारी एक सामना, आळीपाळीने एकेका शाळेच्या मैदानावर. सहा रविवार, सहा सामने. खर्च किती? आखणीसाठी फक्की, एक चेंडू, प्रत्येकीला केळी आणि पाणी. जाण्यायेण्याचे भाडे हाच काय तो मोठा प्रश्न. २०२३ च्या मार्चमध्ये एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट लागू झाले, तेव्हा तोही अर्धा हलका झाला. पहिल्या रविवारी एका संघावर सहा गोल झाले. त्याच संघाने शेवटच्या रविवारी बरोबरी साधली. बक्षीस नव्हते. त्या दिवशी मैदानाच्या कडेला मुलींचे वडील उभे होते. पहिल्या रविवारी त्यांतले दोघेच आले होते. मुलगी काय करते, हे बापाला दिसावे लागते आणि एका सामन्यात ते दिसत नाही. ‘दहावीला खेळाचे गुण मिळतात’ म्हणून परवानगी देणारे एक गृहस्थ शेवटी मला म्हणाले, “मॅडम, गुणांचं राहू द्या, पुढचं कधी आहे?” मुलीच्या तोंडून ऐकलेला तोच प्रश्न बापाच्या तोंडून ऐकला. या वेळी मला उत्तर देता आले. म्हणाले, “दिवाळी झाली की, भाऊ.”

एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्या भागातल्या मुलींत दम नाही, असे कुणी म्हणू नये. धाराशिवच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे बीड जिल्ह्यातली. पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये भारताचा ध्वज धरणाऱ्या दोघांत आमच्या नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव होत्या. खो-खोत आपल्या मुली का चमकतात? कारण गावोगावी मैदान आहे, शाळोशाळी संघ आहेत, सामने भरपूर होतात. माती तीच, भाकरी तीच. फुटबॉलला कमी पडतात ते सामने.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर शाळांतून लाखो मुलामुलींनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा, असा मोठा उपक्रम झाला होता. त्यानिमित्ताने शाळाशाळांत चेंडू पोचले. तो दिवस छान होता. त्यांतल्या किती चेंडूंत आज हवा आहे, हे प्रत्येक शाळेने आपल्या कपाटात पाहावे. हवा भरायला पंप आणि सुई लागते आणि चेंडू बाहेर काढायला एक माणूस लागतो. शिक्षक असेल, नसेल तर गावातला एखादा जुना खेळाडू चालेल. सरपंचांनी मैदानाची एक बाजू सपाट करून दिली, कपडे बदलायला शाळेची एक खोली आणि स्वच्छतागृह उघडे ठेवले, तर पालकांच्या निम्म्या शंका तिथेच मिटतात. मुली खेळ सोडतात ते पुष्कळदा खेळ अवघड वाटतो म्हणून नव्हे, या साध्या गोष्टी नसतात म्हणून.

इंग्लंडमधल्या बायकांना पन्नास वर्षे मैदान नाकारले ते ठराव करून. आपल्याकडे असा ठराव कुणी केलेला नाही. आपण फक्त एक सामना खेळवतो आणि म्हणतो, “पुढच्या वर्षी या.” त्याचा परिणाम फारसा वेगळा होत नाही.

लातूरहून परत येताना त्या संध्याकाळी अहमदपूरच्या स्टँडवर आम्ही चहाला उतरलो होतो. गाडी सुटायला अवकाश होता. पाहते तो मुलींनी चेंडू बाहेर काढला होता आणि स्टँडच्या मागच्या मोकळ्या जागेत दोन दगड मांडून खेळ सुरू केला होता. सकाळी जे कळायला लागले होते, ते विसरायच्या आत पुन्हा करून बघत होत्या. वाहकाने दोनदा घंटी मारली, तरी त्या येईनात. शेवटी तोही खाली उतरला आणि पाच मिनिटे बघत उभा राहिला.

येत्या पावसाळ्यात तुमच्या तालुक्यात मुलींची स्पर्धा भरली, तर बघायला जा. आणि भरवणाऱ्यांना एवढेच विचारा, की हरलेल्या मुलींचा पुढचा सामना कधी आहे?